न फाडलेला डबा

आमच्या घरमालकांच्या तेराव्याला रायपूरच्या समता कॉलनीच्या हॉलमध्ये माणसं बरीच जमली होती. जेवणाआधी चार शब्द बोलायची पद्धत आहे, तसे बोलले. त्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी माईक हातात धरून म्हणाले, "उनकी आँख से नकली माल कभी बचकर नहीं निकला।" सगळ्यांनी माना हलवल्या. मी शेवटच्या रांगेत होते. मला हसू आलं. ते लपवायला मी पदर तोंडाशी नेला, तर शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी रडते आहे.

आता वाटतं, दोन्हीतलं थोडं थोडं असेल. पण हसू आधी आलं, हे खरं.

सगळी कॉलनी त्यांना काका म्हणायची. त्यांना ते फारसं आवडत नसे. पुतण्यांची एवढी मोठी फौज त्यांनी मागितली नव्हती. सरकारी मोटार गॅरेजच्या स्टोअरमध्ये त्यांची नोकरी झाली. जिपा आणि अँबॅसिडर गाड्यांचे सुटे भाग घ्यायचे, तपासायचे, मांडून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर स्टोअर गेलं, तपासणं राहिलं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, ओरिजनल आणि डुप्लिकेट. ओरिजनलमध्ये ते स्वतः, त्यांचं घराणं आणि एका विशिष्ट कंपनीचं सामान. बाकी पनीर, डॉक्टर, कीर्तनकार, तळ्याभोवतीचं नवं तेलीबांधा, सगळं डुप्लिकेट.

"आम्ही नागपूरच्या भोसल्यायसंगं आलो इथं," मी भाड्याचं बोलायला गेले त्या पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "तुमच्या सासरचे?"

"रेल्वेबरोबर. वर्ध्याहून."

"म्हणजे काल." त्यांनी मान हलवली. रेल्वे येऊन किती काळ झाला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. त्या तारेवर धोतर आणि लुगड्यांच्या मध्ये, चिमट्यांना अडकवलेली, काळी, चुण्यांची लांब पट्टी लोंबत असे. नवीन माणसाला वाटे, काहीतरी मेलेलं आहे. ती गाडीच्या ऑईल फिल्टरच्या आतली कागदी पट्टी असे. गाडीचं तेल बदललं की जुना फिल्टर माणसं फेकून देतात. काका तो घरी आणत, लोखंडी शिकंज्यात धरत, हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, गोल कापत, आतला कागद उलगडत आणि वाळत घालत. वाळला की उन्हात धरून बोटाने चाचपत. त्यात चकाकणारा धातूचा चुरा दिसला, तर इंजिन झिजतं आहे. कोणाचं इंजिन किती दिवसांचं सोबती आहे ते त्यावरून सांगत. विचारलं नाही तरी सांगत.

थंडीत सकाळी माकडटोपी घालून ते व्हरांड्यात उभे राहत. गल्लीतल्या गाड्या एकेक सुरू होत. काका बोट वर करत.

"ऐका. कट-कट-कट. ऐकलं?"

"काय ते?"

"ते समोरच्या डॉक्टरचं. फिल्टरमंधी रबराची जीभ नाही. रातभर सारं तेल खाली उतरून जाते, न् सकाळी इंजिन कोरडंच चालते, जोपर्यंत तेल वर चढत नाही. रोजचं थोडं थोडं. हाडावर हाड." मग समाधानाने, "जाते. पुढच्या उन्हाळ्यात जाते."

दुसऱ्याचं इंजिन जाणार म्हटल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यात गाडी विकून नवी घेतली. काकांनी ती विक्रीसुद्धा आपल्या निदानात जमा केली.

काकू मात्र ओरिजनल होत्या. हा माझा शब्द. काकांनी त्यांना तो कधी म्हटला नाही. लहान, गोल, पायांत नेहमी एकच चप्पल नीट असलेली बाई. उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाला लहानपणी अडकित्त्याने कापल्याची खाच होती. त्या बोटाने कुंकू लावलं की ठिपक्याच्या मधोमध बारीक पांढरी रेघ सुटे. आमच्या घरात हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला की पाहुण्या बायकांच्या कपाळांवर पाहून कळे, कोणाला काकूंनी लावलं आणि कोणाला नाही.

घरात कुठलीही नवी वस्तू आली की काकू तिला हळदीकुंकू लावत. शिलाई मशीन, मिक्सर, कुलूप. गाडीच्या सुट्या भागालाही. फिल्टर डब्यातून काढून मिस्त्रीच्या हाती जायच्या आत काकू हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट टेकवत. आधी त्या फिल्टरवरच लावत. काकांनी बंद पाडलं.

"ओरिजनल मालावर डाग पाडून राहिली! इंजिनले सौभाग्यवती करते काय?"

"मंग कुठं लावू?"

"लावूच नको."

"लावल्याबिगर नाही द्यायची." काकूंचा आवाज कधी चढत नसे, पण जागचाही हलत नसे. मग तडजोड झाली. बोट डब्याला लागेल, आणि तेही बाहेरून नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला. बाहेरून डबा खराब झालेला काकांना चालत नसे.

डब्याचं प्रकरण सांगायला हवं. स्टोअरमध्ये काकांना रिकामे डबे परत मोजून द्यायची सवय लागली होती. ओरिजनल सामानाचा डबा ते कधी फाडत नसत. घडीवर घडी घालून सपाट करत, सुतळीने गठ्ठा बांधत आणि कबाड्याला, म्हणजे भंगारवाल्याला, देत. तो हातगाडी घेऊन आला की काका गेटपर्यंत जात.

"मोडू नको रे. ओरिजनल डब्बा है।"

"मालूम है बाबूजी। आपका डब्बा मैं अलग रखता हूँ।"

अलग ठेवतो म्हटल्यावर काका खूश. इतर रद्दीपेक्षा या डब्यांना तो भावही बरा देई. "पाहा," ते मला म्हणाले, "कबाड्यालेही ओरिजनलची कदर आहे. शिकलेल्यांनाच नाही." शिकलेल्यांना म्हणजे मला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे.

काकूंनी एकदा मला सांगितलं, "मले पाहायला आले तेव्हा यायनं मले खिडकीजवळ उभं केलं होतं. उजेडात."

"काय पाहिलं?"

"काय माहीत. होलोग्राम पाहत असतीन." आणि पदरात तोंड लपवून कितीतरी वेळ हसल्या.

माझे यजमान गेले तेव्हा आम्ही त्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. सकाळी ऑफिसला गेले, दुपारी दवाखान्यात नेले, संध्याकाळी मी एकटी परत आले. मागे गाडी राहिली. गाडी मला चालवता येत होती, पण तोवर ती त्यांचीच होती. ते उंच होते. ड्रायव्हरची सीट त्यांच्या पायांच्या मापाने पार मागे सरकवलेली होती. मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझे पाय क्लचपर्यंत पोचले नाहीत. सीटखाली दांडी असते, ती ओढली की सीट पुढे येते. मी ती ओढली नाही. पाठीमागे एक जाड उशी लावली आणि तशीच गाडी चालवायला लागले. ती सीट एकदा पुढे घेतली की पुन्हा नेमकी तिथे नेता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. याहून जास्त कारण मी कोणाला दिलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही. काकांखेरीज.

"मॅडम, सीट पुढं येते. माहीत आहे काय?"

"माहीत आहे."

"मंग उशी काहून?"

"राहू द्या."

"एवढी पुस्तकं वाचली, न् एक दांडी ओढता येत नाही," ते व्हरांड्यातून मोठ्याने म्हणाले. समोरच्या डॉक्टरांकडे ऐकू जाईल असं. मी गाडी काढली आणि तेलीबांध्याच्या तळ्यापर्यंत रडत गेले. शोकातून बाहेर येण्याचे जे उपाय लोक सांगतात त्यांत घरमालकाचा राग नसतो. मला त्याचा उपयोग झाला.

मी तेल बदलायला गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेणार असं कळलं, तेव्हा ते वर आले. हातात वर्तमानपत्र आणि त्यात गुंडाळलेले दोन कापलेले फिल्टर. माझ्या वाचायच्या टेबलावर, उघड्या पुस्तकाशेजारी, त्यांनी ते मांडले.

"चहा गाळता ना मॅडम?"

"हो."

"फाटक्या गाळणीनं गाळला तं पत्ती तोंडात येते. तुम्ही थुंकता. इंजिनले थुंकता येत नाही. ते गिळते." त्यांनी एक फिल्टर पुढे केला. "हा ओरिजनल. पाहा चुण्या किती दाट. दोन्ही टोकाले पत्रा. ही रबराची जीभ. न् हा डुप्लिकेट. कागद पतंगाचा, चुण्या विरळ, टोकाले पुठ्ठा. गरम तेलात गोंद सुटला का कागदच इंजिनमंधी. बाहेरून दोन्ही भाऊ-भाऊ. जुळे!"

"मग ओळखायचे कसे? डब्यावर कोड असतो, फोनने तपासता येतो म्हणतात."

काका अतीव दयेने हसले. "पुस्तकावर नंबर असते म्हणून पुस्तक चांगलं होते काय? हे पाहिजे." त्यांनी नाकाला बोट लावलं. "तुमची गाडी न् माझी गाडी एकाच कंपनीची. फिल्टर एकच लागते. मी आणीन. तुम्ही मधात पडू नका. हे इंजिन गेलं तं माझं नाक कापा."

वर्तमानपत्रातून तेल पुस्तकावर उतरलं. त्या पुस्तकाचा शेवटचा भाग अजून पारदर्शक आहे.

त्यांनी माझ्या गाडीचा ताबाच घेतला. आपल्या ठरलेल्या दुकानातून फिल्टर आणत, डबा खिडकीशी नेऊन होलोग्रामची चकचकीत चिठ्ठी तिरपी करून पाहत, हलवत, हुंगत आणि "पास" म्हणत. मिस्त्रीने तो बसवेपर्यंत ते त्याच्या डोक्यावर उभे. पहिल्या वेळी काकूंनी डब्याच्या झाकणाला आतून बोट लावलं. मग बोटाला कुंकू उरलं. नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावायची आपल्याकडे रीत नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसलं, जणू जवळ फडकं नव्हतं.

"झालं," काका म्हणाले. "आता मॅडमचीही सर्व्हिसिंग."

मी वर येऊन आरशात पाहिलं. मधोमध पांढरी रेघ होती. त्या दिवशी दिवसभर मी तोंड धुतलं नाही.

काकू पुढच्या वर्षी गेल्या. आजार थोड्या दिवसांचाच होता. त्यानंतर तारेवर फिल्टरचा कागद दिसला नाही. कापताना फिल्टर घट्ट धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस इतकी वर्षं काकूच होत्या, हे मला तेव्हा कळलं. शिकंजा नुसता नावाला होता. काकांनी कापून पाहणं सोडलं. खात्री मात्र सोडली नाही. दुकानातून डबा आणणं, हुंगणं, "पास" म्हणणं तसंच चालू होतं. चष्मा लावा म्हणून मुलगा बंगलोरहून फोनवर सांगे, "पापा, आँख दिखा लो।" काका फोन ठेवून म्हणत, "चष्मे सारे डुप्लिकेट."

आणि डब्यांचे गठ्ठेही तसेच, सुतळी बांधून, कबाड्याच्या वाटेकडे डोळे लावून.

गाडी गेली ती तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रायपूरच्या रस्त्यावर. थंडीपासून सकाळी कटकट ऐकू येत होती. मी काकांना सांगितलंही होतं. त्यांनी बोट वर करून ऐकलं आणि निकाल दिला, "तुमचा वहम आहे. फिल्टर मी आणलं आहे." त्या दिवशी तेलाचा लाल दिवा लागला, खालून खणखण झाली आणि मी गाडी कडेला घ्यायच्या आत इंजिन धरून बसलं. मिस्त्री ओढून नेऊन पाहून म्हणाला, "हव दीदी, इंजन बइठ गे." दुरुस्त करण्यापेक्षा विकून टाका, असंही तो म्हणाला.

काका आपला हॅकसॉ घेऊन आले. मिस्त्रीने फिल्टर धरला, काकांनी कापला. दोन्ही टोकांना पुठ्ठा. चुण्या इतक्या विरळ की मधून पलीकडचं दिसावं. रबराची जीभ नव्हतीच. गोंद सुटला होता आणि कागदाचा एक लचका जागेवर नव्हता. तो कुठे गेला असेल ते विचारायची गरज नव्हती.

मला वाटलं, आता हे गप्प बसतील. पण लहानपणापासून कधीच न चुकलेला माणूस इतक्या सहज हार मानत नसतो.

"बाईनं तेल कमी ठेवलं."

मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी ओढून दाखवली. तेल पुरेसं होतं.

"मंग यानंच बदललं. माझं ओरिजनल विकून हे लावलं."

"डब्बा तो आप ही लाए थे, कका। आपने ही खुलवाया, सिर पर खड़े थे।"

"बायका गाडी चालवतात तं असंच होते," काका म्हणाले आणि हॅकसॉ काखेत धरून रिक्षा शोधायला निघून गेले.

गाडी एका माणसाने भंगाराच्या भावाने घेतली. त्या दिवशी मी डिकी रिकामी करत होते. त्यात तो फिल्टरचा डबा सापडला. काकांना परत द्यायचा राहून गेला होता. गाडी पुसायचं फडकं मी त्यात ठेवलं होतं. मी फडकं काढलं, उशी काखेत घेतली आणि डबा घेऊन सरळ काकांच्या दारात गेले. कोपऱ्यापासून घरापर्यंत मी वाक्यं जुळवत होते. नाक कापायचं वाक्य त्यांत पहिलं होतं.

काका व्हरांड्यात बसले होते. मी डबा त्यांच्या मांडीवर टाकला.

"हाच ना?"

त्यांनी सवयीने तो उजेडात धरला. चकचकीत चिठ्ठी तिरपी केली. हुंगला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू विजय पसरला.

"डबा ओरिजनल आहे! शंभर टक्के. म्हणजे मालही ओरिजनलच होता. मी म्हणत होतो ना, तो मिस्त्री..." बोलता बोलता त्यांनी आतली छपाई पाहायला झाकण उलटलं.

आत हळदीचा सुकलेला ठिपका होता, त्यावर कुंकवाचा. मधोमध बारीक पांढरी रेघ.

काकांनी डबा डोळ्यांपासून लांब नेला. जवळ आणला. मग अंगठा त्या ठिपक्यावर नेला आणि न टेकवता थांबवला.

"हे काहून..." ते म्हणाले. नंतर स्टोअरमध्ये हिशेब जुळत नसल्यासारखं, अगदी हळू, "हा डबा तं मी पोळ्यानंतर आणला. ते तं होळीच्या आधीच गेली."

व्हरांड्याच्या कोपऱ्यात सपाट केलेल्या डब्यांचा गठ्ठा सुतळी बांधून ठेवला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं. काकू असताना त्यांनी जपून घडी घातलेला, मोडू नको म्हणून बजावून कबाड्याला दिलेला डबा कोणाकडे तरी गेला होता. त्याने त्यात पुठ्ठ्याचा फिल्टर भरला, वरून चिकटवला, आणि डबा फिरत फिरत त्याच दुकानातून त्याच माणसाच्या हातात परत आला होता. त्या माणसाने तो उजेडात धरून पास केला होता.

कोपऱ्यापासून जुळवत आणलेली वाक्यं माझ्याजवळ तयार होती. चांगली होती. अजूनही आठवतात.

काका उठले. हॅकसॉचं पातं घेऊन आले. डबा गुडघ्यावर धरला आणि झाकण घडीवर सरळ, स्टोअरवाल्याच्या सफाईने कापून काढलं. झाकण सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. बिनझाकणाचा डबा माझ्या हातात दिला.

"घ्या. फेका. याले आता कोणी भरत नाही."

मग कोपऱ्यातला गठ्ठा ओढला, सुतळी तोडली आणि एकेक डबा फाडायला बसले. मी जायला वळले. मागून फाडण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मॅडम. उशी काढून घेतली काय गाडीतून?"

मी काखेतली उशी दाखवली.

"न् सीट?"

"सीट गाडीबरोबर गेली."

त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"सीट मिळते," ते म्हणाले. "कुठंही मिळते. माप नाही मिळत."

मी जिन्याशी पोचले तेव्हा त्यांचा नेहमीचा आवाज ऐकू आला.

"न् गेट लावून घ्या. गाई येऊन राहिल्या आत."